परत या हं!

कापडाच्या दुकानात गेलं की माझं लक्ष आधी कापडाकडे जात नाही, पाटीकडे जातं. गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीला खेटून, ती हमखास असते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ सोलापूरच्या चाटी गल्लीपासून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापर्यंत या पाटीतला एक शब्द इकडचा तिकडे झालेला मी पाहिलेला नाही. आणि ती पाटी खरी मानणारं गिऱ्हाईकही मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात तर ती पाटी म्हणजे वाटाघाटींची सुरुवात समजतात. चादर घरी येते, पलंगावर पसरली जाते, शेजारच्या वहिनी येऊन ‘रंग जरा भडकच वाटतो, नाही?’ एवढं म्हणून निघून जातात, आणि दुसऱ्या दिवशी चादर घडी मोडली नसल्याच्या थाटात पुन्हा दुकानात हजर! दुकानदार पाटीकडे बोट दाखवतो, आमची ही चादरीकडे बोट दाखवते, आणि दहा मिनिटांनी चादर बदलून मिळते.

सांगायचा मुद्दा असा, की चारशे रुपयांची चादर पाटी लावलेली असूनही परत करता येते. नगरसेवक मात्र, कुठेही पाटी लावलेली नसताना, पाच वर्षं परत करता येत नाही. हे न्यायाचं आहे का, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. विशेषतः नळाला पाणी नसतं तेव्हा फार पडतो.

या अन्यायाचं मूळ आपल्या भाषेतच असावं अशी मला शंका आहे. आपण मत ‘विकत’ नाही (निदान तसं मोठ्याने म्हणत नाही), मत ‘देतो’ असंही म्हणून थांबत नाही. आपण ‘मतदान’ करतो. आता दान म्हटलं की संपलंच. गोदान केलेली गाय दूध देत नाही म्हणून कोणी परत आणली आहे का? कन्यादान केलेल्या मुलीलाही पूर्वी सांगत, आता तेच तुझं घर. आम्हीही मताच्या बाबतीत तेच करतो. बोटाला शाई लावून, जड अंतःकरणाने मताची पाठवणी करतो आणि पाच वर्षं ‘तिकडे बरं चाललंय ना’ एवढंसुद्धा विचारत नाही. पण लग्नाच्या बाबतीतसुद्धा १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला, घटस्फोटाची वाट मोकळी झाली. साधारणपणे पहिलं वर्ष अर्ज करता येत नाही, तेवढं थांबावं लागतं. आपल्याकडे साता जन्मांच्या गाठी सोडवायला कायदा आहे, पाच वर्षांची गाठ सोडवायला नाही!

दुसरी गंमत ‘मत’ या शब्दाची. मत म्हणजे अभिप्राय, आणि मत म्हणजे व्होट. दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. पहिलं मत माणूस दिवसातून चारदा बदलतो. सकाळी चहा पांचट झाला असं मत असतं, दुसऱ्या कपाला ते बदलतं. पण तेच मत एकदा यंत्राच्या बटणातून आत गेलं की दगडावरची रेघ. आत टाकलेलं मत आणि डोक्यातलं मत यांची पाच वर्षं एकमेकांशी गाठच पडत नाही.

या विषयावर आमच्याकडे नियमित चर्चा होते ती सात रस्त्याला, चहाच्या गाड्यावर. चर्चेचं मंडळ छोटं आहे. एक निवृत्त तलाठी, ज्यांना आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो. एक नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर. एक अण्णा, ज्यांची सारी उमेद गिरणीत गेली आणि पुढे गिरणीच गेली. आणि चौथा मी, चहाचे पैसे देणारा. सात रस्ता ही जागा लोकशाहीच्या चर्चेला फार योग्य आहे. एक रस्ता विजापूरकडे नेतो, एक रंगभवनकडे, एक स्टेशनाकडे, एक मोदीकडे. पण एकूण रस्ते किती हे मोजायला बसलं की मंडळाचं एकमत होत नाही. भाऊसाहेब सरकारी नकाशाप्रमाणे मोजतात, अण्णा पायाला लक्षात आहेत तेवढे मोजतात, आणि मास्तर आधी ‘रस्ता म्हणजे काय’ याची व्याख्या मागतात.

‘मोजणी कशी करायची हे ज्याच्या हातात, चौक त्याचा,’ असं भाऊसाहेब एकदा म्हणाले. प्रभागांचं नेमकं हेच आहे. महाराष्ट्रात २००२ साली तीन-तीन नगरसेवकांचे प्रभाग होते. २००७ साली एका वॉर्डाला एक नगरसेवक झाला. २०१२ साली दोन झाले. २०१७ साली चार झाले. २०१९ च्या शेवटी पुन्हा एक करायचं ठरलं, २०२१ मध्ये तीन करायचं ठरलं, २०२२ मध्ये परत चार. शिंपीसुद्धा इतक्या वेळा माप बदलत नाही. आणि त्याने बदललं तर निदान गिऱ्हाईक जाड झालंय असं तरी म्हणता येतं. इथे मतदार होता तेवढाच आहे, सरकारं तेवढी बदलली.

तर २०१७ साली सोलापुरात २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक झाले; चोवीस प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन. चार म्हणजे चैनच की, असं तुम्ही म्हणाल. पण ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण ज्याने केली त्याला चार घरांची कल्पना करवली नसावी. समजा, गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं. ‘अ’ म्हणतात ते ‘ब’ कडे आहे. ‘ब’ म्हणतात मी महिलांचे प्रश्न बघते. ‘क’ गावाला गेलेत. ‘ड’ म्हणतात, ‘काका, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’ आणि त्या आवाजात इतकी आपुलकी असते, की आपण आधी न सांगून फार मोठा अपराध केला असं वाटून आपण नाकाला रुमाल लावून घरी येतो. आता यातल्या कुणाला परत बोलवायचं? चौघे मिळून एक नगरसेवक होतो की एका नगरसेवकाचे चार भाग होतात, याचं उत्तर मास्तरांच्या नागरिकशास्त्रातसुद्धा नाही.

नगरसेवकाचं पद मधेच जातच नाही असं मात्र नाही हं. कायद्याने त्यासाठी दारं भरपूर ठेवली आहेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं, पद गेलं. स्वतःचं किंवा घरच्यांचं बांधकाम बेकायदा निघालं, पद गेलं. राखीव जागेवर निवडून आल्यावर जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही, पद गेलं. सलग काही महिने सबब न सांगता सभेला दांडी मारली, तरी गेलं. अण्णा हे सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, ‘आणि पाणी आलं नाही तर वो?’

इथे मंडळ गप्प होतं. कारण पाण्यासाठी दार नाही. उजनी धरण भरलं की आम्ही सोलापूरकर वर्तमानपत्रात त्याचा फोटो बघून समाधान मानतो. टाकळी आहे, हिप्परगा आहे, उजनीची पाइपलाइन आहे, आणि तरी वर्षानुवर्षं नळाला पाणी दोन, तीन, चार, कधी पाच दिवसांआड आलं. एवढ्या वर्षांत तिसऱ्या मुलाने नगरसेवक घरी बसवले. तहानेने एकही बसवला नाही. मला कुटुंबनियोजनाबद्दल पूर्ण आदर आहे. पण नगरसेवकाच्या घरी किती मुलं आहेत यापेक्षा माझ्या घरी किती बादल्या भरल्या, याच्याशी त्याच्या पदाचा संबंध जास्त असावा, असं मला वाटतं.

याहून मजा पुढेच आहे. आपल्याला नगरसेवकाला परत पाठवता येत नाही. पण नगरसेवकांना आयुक्ताला परत पाठवता येतं! महापालिका कायद्यात तशी सोय आहे: एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश एका बाजूला झाले की सरकारने आयुक्ताला माघारी बोलवायचं. तुकाराम मुंढे आधी आमच्या सोलापूरचे जिल्हाधिकारी होते. पुढे ते नवी मुंबईला आयुक्त असताना ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सभागृहाने त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. सरकारने तेव्हा तो अमलात येऊ दिला नाही, आणि पाचेक महिन्यांनी त्यांची बदली केली. म्हणजे परत बोलावण्याची कल्पना आपल्या राज्यकर्त्यांना परकी नाही. ती फक्त एक मजला वर सुरू होते.

बरं, शहर सोडून खेड्यात जा, तिथे थोडा उजेड आहे. २०१७ साली सरपंच थेट लोकांनी निवडायचा कायदा झाला. (२०२० मध्ये तो रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा आला. आपल्याकडे कायदेही सासर-माहेर करतात.) अशा सरपंचावर अविश्वास आणायचा तर पहिली दोन वर्षं थांबायचं, मग तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठराव करायचा, आणि त्यावर ग्रामसभेने गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब करायचं. शेवटचा शब्द गावाचा! आता १९९२ साली सोलापूरची हद्दवाढ झाली तेव्हा शेळगी, बाळे, केगाव, कुमठे, सोरेगाव अशी गावं शहरात आली. भाऊसाहेब म्हणतात, ‘ही गावं गावंच राहिली असती तर त्यांना आज ग्रामसभा असती. शहरात आली, घरपट्टी वाढली, ग्रामसभा गेली. पुढारली म्हणायची की काय?’

मंडळात सगळ्यात लाडकी गोष्ट आहे ती रिकाम्या खुर्चीची. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या नगरपालिका कायद्यांत नगराध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद आली. तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की प्रश्न जनतेपुढे जायचा, आणि मतपत्रिकेवर चित्रं दोनच: एक भरलेली खुर्ची आणि एक रिकामी खुर्ची. ठेवायचा असेल तर भरलेलीवर शिक्का, नको असेल तर रिकामीवर. जून २००८ मध्ये छत्तीसगडात गुंडरदेही, नवागढ आणि राजपूर अशा तीन गावांत रिकामी खुर्ची बहुमताने निवडून आली. या निकालाची कल्पना मला फार आवडते. विजयी उमेदवाराची मिरवणूक निघाली असेल तर ती टेम्पोत बसवायला किती सोपी! भाषण नाही, हार नाही, फ्लेक्सवर हसरा फोटो नाही.

आपल्याकडे खुर्चीऐवजी ‘नोटा’ आहे. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण. २०१८ साली महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने त्याला ‘काल्पनिक उमेदवार’ मानायचं ठरवलं. त्यालाच सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा. पण हे झालं लग्नाआधी मुलगा नाकारण्यासारखं. आमचा प्रश्न नांदायला गेल्यानंतरचा आहे.

आणि रिकाम्या खुर्चीचं म्हणाल, तर तिचा अनुभव सोलापूरने फुकट घेतलेला आहे. मार्च २०२२ मध्ये आमच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात अडकली, ती थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. जवळजवळ पावणेचार वर्षं एकशे दोन खुर्च्या रिकाम्या. कारभार प्रशासकाकडे. एकेकाळी गाड्यावर आम्ही हिरिरीने म्हणायचो, ‘सगळ्यांना घरी बसवा!’ बसले की हो सगळे घरी. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानात आली. शिव्या द्यायला माणूस उरला नव्हता. ड्रेनेज तुंबलं तर ‘अ’ नाही, ‘ब’ नाही, ‘काका, आधी का नाही सांगितलंत’ म्हणणारा ‘ड’ सुद्धा नाही. साहेब मिटिंगमध्ये असायचे. साहेबाला आपल्या मताची गरज नसते, त्यामुळे आपल्या मताची, म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या मताची, गरजही नसते. अण्णा एक दिवस चहात पाव बुडवता बुडवता म्हणाले, ‘वाईट माणूस बसलेली खुर्ची बरी वो. निदान तिला कान असतात.’

मला वाटतं, हे त्यांनी फार मोठं बोलून ठेवलं. आपल्याला खुर्ची रिकामी करायची नसते. तिला कान फुटावेत एवढंच आपलं म्हणणं असतं.

परत पाठवणं ही गोष्ट स्वस्त नसते, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. ज्या गावाच्या नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० ला तिरंगा चढला, आणि ज्या गावाने पुढच्याच महिन्यात चारेक दिवस इंग्रज सरकारलाच गावाबाहेर ठेवलं, त्या गावात मग लष्करी कायदा आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. कौल परत घेण्याची किंमत अशीही असते. आपण तीच गोष्ट विनाफाशी, विनागोळी, नुसत्या कागदावर मागतो आहोत. जयप्रकाशांनी १९७४ च्या बिहार आंदोलनात ती मागितली, राळेगणच्या अण्णा हजारेंनी २०११ साली मागितली. शहराच्या पदरात अजून पडलेली नाही.

मास्तर मात्र या मागणीला चटकन मान डोलवत नाहीत. ते आम्हाला ग्रीसला नेतात (चहाच्या त्याच पैशांत). अथेन्समध्ये पद्धत होती, की वर्षातून एकदा लोकांनी खापराच्या तुकड्यावर नाव लिहायचं आणि ज्याचं नाव निघेल त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. ॲरिस्टायडीस नावाचा एक पुढारी होता, त्याला सगळे ‘न्यायी’ म्हणत. मतदानाच्या दिवशी एका निरक्षर खेडुताने त्यालाच, न ओळखता, खापर पुढे करून सांगितलं, यावर ॲरिस्टायडीसचं नाव लिहून दे. का रे बाबा, त्याने तुझं काय वाईट केलं? खेडूत म्हणाला, काही नाही. पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कंटाळा आलाय. त्याने मुकाट्याने आपलं नाव लिहून दिलं, आणि पुढे त्याला गाव सोडावं लागलं, अशी कथा आहे. ‘आता बोला,’ मास्तर म्हणतात, ‘उद्या एखाद्या नगरसेवकाने रस्ता रुंद करायला घेतला, पुढे आलेली दुकानं मागे सरकवली, नळाला मीटर बसवा म्हणाला, तर पहिलं खापर कुणाच्या नावाचं? जो काहीच करत नाही, त्याच्यावर रागवायला कुणालाच कारण नसतं.’ कॅलिफोर्नियात २००३ साली लोकांनी आपल्या गव्हर्नरला, ग्रे डेव्हिसना, मुदतीआधी घरी पाठवलं आणि त्या जागी सिनेमातला नट बसवला, हेही मास्तर न चुकता सांगतात. भाऊसाहेबांना यात वावगं दिसत नाही. ते म्हणतात, आपल्याकडेही नट निवडून येतात, फक्त ते आधी पुढारी असतात.

मास्तरांचा आक्षेप खरा आहे. पण परीक्षेत कॉपी होते म्हणून आपण परीक्षा बंद करत नाही, नियम कडक करतो. पहिली दोन वर्षं हात लावायचा नाही, सही करणाऱ्याने कारण लिहून द्यायचं, हटवायला नुसतं निम्म्यापेक्षा एक जास्त पुरायचं नाही, असे नियम करता येतात. आपल्या शाळेत वार्षिक परीक्षेच्या आधी सहामाही होतीच ना? सहामाहीत कुणी कायमचा नापास होत नसे. पण प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणावी लागे, आणि त्या सहीच्या धाकाने दिवाळीनंतर पोरगं अभ्यासाला बसत असे. नगरसेवकाचं प्रगतिपुस्तक पाच वर्षांनी एकदाच घरी येतं, तेही त्याने स्वतःच छापलेलं असतं, गुळगुळीत कागदावर, रंगीत.

आमच्या गावाला हे सगळं कळायला ग्रीसला जायचीही गरज नाही. दर जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, गड्ड्याची. सात नंदीध्वज मिरवत निघतात आणि तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षतांचा सोहळा होतो. कथा अशी, की एका कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं. ते योगी, ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. तेच लग्न आम्ही शतकानुशतकं दर वर्षी लावतो. लक्षावधी माणसं त्या मैदानात उभी राहतात, संमतीचं वाचन होतं आणि अक्षता पडतात. मला नेहमी वाटतं, एकदा झालेलं लग्न दर वर्षी का लावायचं? तर संमती ही एकदा घेऊन ट्रंकेत ठेवायची वस्तू नाही, म्हणून. ती पुन्हा पुन्हा विचारावी लागते, सगळ्यांसमक्ष, आणि विचारणाऱ्याला त्यासाठी कट्ट्यापर्यंत चालत यावं लागतं. मत म्हणजे विकलेला माल नव्हे, दानही नव्हे. मत म्हणजे संमती. आणि २०२६ ची आमची निवडणूकही नेमकी यात्रेच्या दिवसांतच आली होती! देवाच्या लग्नाला आम्ही दर वर्षी संमती देतो, आणि नगरसेवकाच्या वेळी ती पाच वर्षांची आगाऊ देऊन सुट्टी मिळाली म्हणून अक्कलकोट-तुळजापूर करून येतो.

आता शेवटची गोष्ट, जी भाऊसाहेबांनी आपल्या पिशवीतून, जुना सातबारा काढावा तशी काढली. २००९ साली आपल्या शहरांच्या कायद्यात ‘क्षेत्रसभा’ नावाची चीज आली आहे. ग्रामसभेची शहरातली धाकटी बहीण. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना ठरावीक काळाने एकत्र बोलवायचं, त्यांचं ऐकायचं, आणि हे केलं नाही तर पदाला धोका, अशी कल्पना. मंडळात कुणीच अशा सभेला गेलेलं नव्हतं. बोलावणंच आलं नव्हतं. पण आम्हीही ‘बोलावणं का नाही?’ असं विचारायला कुणाच्या दारात गेलेलो नव्हतो. वाण्याने पन्नास पैसे कमी दिले तर उन्हातून परत जाणारे आम्ही!

इंग्रजी ‘रिकॉल’ला मराठीत ‘परत बोलावणे’ म्हणतात. ज्या कुणी हे भाषांतर केलं, त्याला मराठी घर ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. कारण मराठी घरात परत बोलावणं म्हणजे हाकलणं नव्हे. पाहुणा चपला घालायला लागला की आपण उंबऱ्यापर्यंत जातो आणि म्हणतो, ‘परत या हं!’ आणि पाहुणा न आल्यास पुढच्या खेपेला विचारतोही, ‘का हो, आला नाहीत ते?’ शहरातल्या माणसाला नगरसेवक हटवण्याचा हक्क मिळायला हवा, यात मला शंका नाही; तो हक्क कोपऱ्यात उभ्या केलेल्या काठीसारखा आहे, वापरावा लागला नाही तरी असावा. पण तो मिळेपर्यंत घरगुती अर्थाने परत बोलवायला आपल्याला कोणत्या विधानसभेची परवानगी लागते?

म्हणून मंडळाने एक ठराव केला आहे (चार विरुद्ध शून्य, चहावाला तटस्थ). पुढच्या खेपेला हात जोडून, उपरणं सावरत, कार्यकर्त्यांच्या घोळक्यासह उमेदवार दारात आला, की त्याला पाणी द्यायचं. घरात असेल तर. नळ कितव्या दिवशी येतो हे त्या पाण्याबरोबर सांगायचं. मग कॅलेंडर काढून, निवडणुकीनंतरचा सहाव्या महिन्यातला एक रविवार दाखवायचा, गल्लीतल्या चार दारांसमक्ष त्यावर पेनाने गोल करायचा, आणि अगदी गोड आवाजात म्हणायचं, ‘परत या हं!’